डाग

वहीत रकाने नऊ आहेत.
रंग, शिंगं, कानाची कातर, डाग, कुठे सापडलं,
कोणी आणलं, किती दिवस, किती पुला,
आणि शेवटचा, अरुंद: शेरा.
तेरा वर्षं मी हेच भरतो आहे
परिषदेच्या कोंडवाड्यात, मोपानेच्या खुंटांआड.
शेऱ्यात बहुतेक वेळा काहीच नसतं.

कायदा साधा आहे.
शाळेची पोरं सहलीला आली की
मी तो तोंडपाठ म्हणून दाखवतो.
मुदतीत कोणी आलं तर गुरू त्याचं,
न आलं तर परिषदेचं, मग लिलावाचं.
गुरू रस्त्यावर आलं आणि माणूस दगावला
तर जबाब मालकाने द्यायचा.
मालक कोण?
ज्याचा डाग तो.
पोरं लिहून घेतात.

जिवंत गाईला मालक तीन-तीन येतात.
एका तांबड्या बैलापायी दोन सख्खे भाऊ
या टेबलावर पावत्या आपटत होते,
बैल बाहेर निवांत रवंथ करत होता.
मेलेल्या गाईला मालक नसतो.

जुलैत रात्री वाळू गार पडते,
डांबर तेवढं दिवसाची ऊब धरून ठेवतं,
म्हणून गुरं रस्त्यावर येऊन बसतात.
काळी गाय, काळा रस्ता,
आणि सेरोवेकडून येणारी थेबेयामेची पावाची गाडी.

मी पोचलो तेव्हा उजाडत होतं.
गाडी कलंडलेली. पाव लांबवर विखुरलेले,
कुणाच्या तरी शेळ्या ते खात होत्या.
(त्यांची नोंद करायला हवी होती. केली नाही.)
थेबेयामेला नेलं होतं. एक चप्पल राहिली होती.
गाईच्या डाव्या मांडीवरून
वहीच्या पानाएवढं कातडं उतरवलेलं,
चौकोनी, कुठेही न फाटता,
हाताला सवय असलेल्या माणसाने.
दोन्ही कान नव्हते.

थेबेयामे किती वेळ जिवंत होता, मी विचारलं.
पोलिसाने शेळ्यांना एक खडा मारला.
म्हणाला, तू लिही: डाग नाही.
मी लिहिलं.

तिसऱ्या संध्याकाळी त्याच जागी
एक कालवड हंबरत उभी होती, डाग न दिलेली,
डांबर हुंगत, पुन्हा पुन्हा तिथेच वळत.
तिला आणलं.
दहा दिवस तिला कोणी विचारलं नाही.
गावात सगळ्यांना माहीत होतं ती कुणाची,
आणि कालवड माझी म्हणणारा
तिची आईही माझी म्हणणार होता.

अकराव्या दिवशी गाबाइपोने आली,
सत्तरी उलटलेली, गुडघे धरत,
हातात साखरेची रिकामी पिशवी, रिकामी नव्हती ती.
टेबलावर तिने वर्तमानपत्राची घडी उलगडली.
कातडं वाळून ढोलासारखं ताठ झालं होतं,
डाग मात्र स्वच्छ, कालच दिल्यासारखा.
म्हणाली, भाच्याने छपरात खोचलं होतं. मला वास आला.
म्हणाली, मीच धरली होती ती डाग देताना, शिंगांपाशी.
म्हणाली, लिही.

मग कोंडवाड्याचे पैसे मोजताना
एका दिवसावरून माझ्याशी भांडली:
संध्याकाळी आणलीस ना, तो दिवस अर्धा धर.
मी अर्धा धरला. कायद्यात अर्धा दिवस नाही.
जाताना तिने विचारलं,
पाववाल्याची बायको कुठल्या वाडीत राहते.
मी सांगितलं. ती दोर आखूड धरून
रस्ता सोडून वाळूतून गेली,
कालवड मागे वळून वळून बघत.

चौथ्या रकान्यातलं 'नाही' मी खोडलं,
आणि शेऱ्यात काय लिहायचं ते सुचेना.
पोलीस अजून कातडं न्यायला आलेला नाही.
ते खणात आहे, वहीच्या खाली.
वहीला वास लागला आहे.

गुरुवारी शाळेची सहल येणार आहे.